गोव्यात नव्याने आलेल्यांची गोष्टींची बैठक आणि कामाचे वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यात आम्ही काही जण दर शनिवारी संध्याकाळी एक बैठक भरवतो. बाहेरून कामासाठी आलेली माणसं आणि इथली माणसं तिथे एकत्र बसतात. येणारे बरेच प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात. काही प्रश्न काळजीने विचारलेले, काही रागाने. दोन्हींची उत्तरं इथे दिली आहेत.

बैठकीत नेमकं काय होतं?

पहिला तासभर गोष्टी. एखाददोघं जण आपल्या गावाचं, घराचं, प्रवासाचं, कामाचं सांगतात, बाकीचे ऐकतात. मग चहा. त्यानंतरच्या तासात हाताला उपयोगी पडेल असं काहीतरी: अर्ज भरणं, वाचायला शिकणं, शिलाई, वीजबिल समजून घेणं, कोकणीत बोलायचा सराव. कुंडई, बेतोडा, मडकई या औद्योगिक वसाहतींतले कामगार येतात, बांधकामावरचे गवंडी येतात, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतली मुलं येतात, घरकाम करणाऱ्या बायका येतात. दोडामार्ग, सावंतवाडीहून आलेली आणि इथेच खोली घेऊन राहणारी मराठी मुलंही बरीच असतात.

गोष्टी कशाला? सरळ कौशल्यवर्गच का घेत नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि आमचं सगळं काम ज्यावर उभं आहे तोही हाच.

माणसाला अर्जावर विचारा, ‘अनुभव?’ तो लिहितो, ‘काही नाही.’ त्यालाच गावाबद्दल बोलू द्या. इथे हॉटेलात भांडी घासणारा इलकलकडचा माणूस बोलायला लागतो आणि कळतं, की घरात हातमाग होता, ताणा कसा लावायचा, किनारीचा रंग कुठे बदलायचा हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावरून आलेला पोरगा इथे विटा वाहतो, पण जाळं विणायला आणि दुरुस्त करायला त्याचा हात बसलेला असतो. सिंधुदुर्गातली बाई स्वतःला ‘घरीच असते’ म्हणते आणि बोलता बोलता आमसुलं कशी सुकवायची, आगळ कसं टिकवायचं, काजूगर अख्खा कसा काढायचा हे बारकाव्यांसह सांगते. हे कौशल्य कुठल्याही अर्जाच्या रकान्यात मावत नाही. ते गोष्टीतून बाहेर येतं.

एकदा ते कळलं की पुढचं बोलता येतं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच अवगत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. वर्गात बसून शिकलेलंच लागतं असं नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी असे १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. पण त्या दारापर्यंत जायला आधी माणसाने स्वतःला कारागीर म्हणायला हवं. कित्येकांनी गाव सोडताना ते म्हणणं सोडून दिलेलं असतं.

दुसरं कारण विश्वासाचं. पगार अडकलाय, मुलीचं शाळेत नाव घातलेलं नाही, ठेकेदाराने आधारकार्ड स्वतःकडे ठेवून घेतलंय, असल्या गोष्टी कोणी पहिल्या दिवशी सांगत नाही. गावच्या जत्रेबद्दल, आईच्या हातच्या भाकरीबद्दल बोलून झालं, समोरच्यांनी नीट ऐकून घेतलं, की मग चहाच्या वेळी हळूच सांगतात. नुसता कागदपत्रांचा कॅम्प लावला तर रांग लागते, अर्ज भरले जातात, पण खरी अडचण मनातच राहते.

बाहेरून आलेल्यांसाठी गोवेकरांनी एवढं का करायचं?

फोंड्यात राहणाऱ्याला याचं उत्तर देवळांत मिळतं. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ ही आज आपली श्रद्धास्थानं. पण श्रीमंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मुलखात देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी रातोरात देव उचलले आणि नदी ओलांडून या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात आणले. त्या वेळी इथे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. काही घराणी आणखी दक्षिणेला कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली. ज्या गावांनी त्या देवांना आणि माणसांना जागा दिली, ती ही गावं. आपल्या कुलदेवतांची कहाणी स्थलांतराची आहे. ती विसरून दुसऱ्याला ‘तू कुठला?’ असं तिरसटपणे विचारणं मला पटत नाही.

पुढची गोष्ट तर आजोबा-पणजोबांच्या काळातली. पोटासाठी गोवेकर मुंबईला गेला. धोबीतलावच्या आसपास गावागावाचे कूड होते. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत गावच्या पोराला तिथे पथारी टाकायला जागा मिळायची. गिरगावात गोमंतकीयांची बिऱ्हाडं थाटली गेली. नंतर आखाती देश, पोर्तुगाल, इंग्लंड. बाहेर गेलेलं कोणी नाही असं घर गोव्यात शोधून काढावं लागेल. कुडात त्या पोराला जे मिळालं, तेच इथे आलेल्याला मिळावं, एवढीच आमची मागणी आहे.

याचा अर्थ गोवेकरांची काळजी खोटी आहे असा नाही. भाडी वाढलीत, शेतं बुजवून इमारती उभ्या राहतायत, पाणी पुरत नाही, मुलांना नोकऱ्या मिळत नाहीत. हे बैठकीत बोललं जातं आणि बोललं जायलाच हवं. पण शेतजमिनीचं रूपांतर करण्याचा निर्णय स्लॅब ओतणाऱ्या मजुराने घेतलेला नसतो. राग काढायचा तर जिथे निर्णय होतात तिथे, ग्रामसभेत आणि मतपेटीत काढावा.

‘बाहेरचे’ म्हणजे नेमके कोण? आकडे आहेत का?

२०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. मातृभाषा कोकणी सांगणारे सुमारे ६६ टक्के, मराठी ११ टक्क्यांच्या आसपास, हिंदी त्याहून थोडी कमी, आणि कन्नड पाच टक्क्यांच्या आत. पण या आकड्यांवरून ‘बाहेरचा’ ओळखता येत नाही. मराठी सांगणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या इथलेच असलेले कितीतरी गोमंतकीय आहेत, आणि झुवारीनगर किंवा वास्कोच्या बायण्यात जन्मलेल्या कन्नड घरांतल्या मुलांनी गोव्याखेरीज दुसरं घर पाहिलेलंच नाही. आमच्या बैठकीत कोणी कधी आला याची चौकशी होत नाही. ‘घाटी’, ‘भायलो’ (बाहेरचा) असे टोमणे मात्र तिथेच थांबवले जातात, मग बोलणारा कितीही मानाचा असो.

नेपाळी किंवा विदेशी माणसं येऊ शकतात का?

येतात. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी नागरिकांना भारतात राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. आचारी आणि रखवालदार म्हणून बरेच जण इथे आहेत. इतर विदेशी नागरिकांचंही ऐकायला-सांगायला स्वागत आहे, पण व्हिसाचे प्रश्न आम्ही हाताळत नाही.

बैठक कोणत्या भाषेत चालते? मला कोकणी येत नाही.

सांगणाऱ्याची जी भाषा असेल ती. कन्नड, ओडिया, भोजपुरी, बंगाली, काहीही. समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी थोडं थोडं करत कोकणी, मराठी किंवा हिंदीत सांगतो. यात एक पथ्य आम्ही कडक पाळतो: आईचं बोलणं तिच्या मुलाकडून किंवा मुलीकडून सांगून घ्यायचं नाही. शाळेत जाणाऱ्या पोरांना भाषा चांगली येते, म्हणून सगळे त्यांनाच पुढे करतात. पण आईचं दुःख परक्या लोकांसमोर बोलून दाखवायचं ओझं दहा वर्षांच्या मुलावर टाकू नये. शिवाय मुलासमोर आई खरं सांगतही नाही.

मराठी मंडळींना वाटतं, आपलं भागतंय. खरंच भागतं. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतली कोकणी ही राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीचाही वापर करता येतो. देवळातली आरती, भजन, दैनिकं, गावातली नाटकं, सगळीकडे मराठी आहे. तरीही कोकणी शिका. बाजारात, बसमध्ये, शेजारणीच्या ओट्यावर कोकणीत बोललेलं एक वाक्य जी आपुलकी मिळवून देतं ती दुसऱ्या कशाने मिळत नाही. शिवाय सरकारी नोकरी हवी असेल तर कोकणीचं ज्ञान आणि साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो.

मला चारचौघांत बोलता येत नाही. रडू आलं तर?

न बोलता नुसतं बसलं तरी चालतं. काही जण महिनोन्‌महिने फक्त ऐकतात.

सुरुवात सोपी व्हावी म्हणून आम्ही घरून एखादी वस्तू आणायला सांगतो: गोधडी, अडकित्ता, लग्नातला फोटो, गावच्या देवाचा अंगारा. वस्तू हातात असली की डोळे तिच्यावर राहतात, लोकांकडे बघावं लागत नाही, आणि बोलणं सुरू होतं. नाहीतर एखादा साधा प्रश्न असतो. इथला पहिला पाऊस कसा होता? पहिल्यांदा शीत-कडी खाल्ली तेव्हा काय वाटलं? कदंबच्या बसमधून चुकीच्या थांब्यावर कधी उतरलात का? विदर्भ-मराठवाड्याकडून आलेल्या माणसाला इथल्या जूनच्या पावसाबद्दल विचारलं की तो थांबतच नाही.

‘गाव का सोडलं?’ हे मात्र आम्ही विचारत नाही. कर्ज, भांडण, मारहाण, मृत्यू, त्यामागे काहीही असू शकतं. सांगायचं असेल तर माणूस आपणहून सांगतो. आणि सांगून झाल्यावर कोणी सल्ला द्यायचा नाही, ‘अहो, आमचं तर याहून वाईट’ असं म्हणायचं नाही. रडू आलं तर येऊ द्यायचं. शेजारी बसलेली बाई पाण्याचा तांब्या पुढे करते, एवढं पुरतं. फारच त्रास होत असेल तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी सोबत डॉक्टरकडे जातं.

बायकांची एक वेगळी बैठक होते, पुरुषांविना. तिथे बोलण्यापेक्षा गाणं आधी येतं. जात्यावरच्या ओव्या कोल्हापूर-साताऱ्याच्या बायकांना अजून पाठ आहेत. लमाणी बायकांची गाणी वेगळी. इथल्या बायका धालो आणि फुगड्या घालतात. एकीची चाल दुसरी उचलते आणि तास कधी सरतो कळत नाही. माझ्या मते आमच्या सगळ्या कामात सर्वांत जास्त काही घडत असेल तर ते इथे.

गोष्टी रेकॉर्ड करता का? फोटो काढता का?

विचारल्याशिवाय काहीही नाही. आणि विचारायचं ते त्या माणसाच्या भाषेत, गोष्ट सांगून झाल्यावर, एकट्याला बाजूला घेऊन. सगळ्यांसमोर विचारलं की माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणतो. रेकॉर्डिंगला परवानगी दिली म्हणून ते इतरांना ऐकवायलाही परवानगी मिळाली असं आम्ही धरत नाही, तो प्रश्न वेगळा विचारतो. नंतर मन बदललं तर रेकॉर्डिंग पुसून टाकतो, कारण विचारत नाही. मालकाचं, ठेकेदाराचं, घरमालकाचं नाव आलं तर ते गाळलं जातं, कारण ते कोणाच्या कानावर गेलं तर सांगणाऱ्याचीच नोकरी जाते. मुलांचे चेहरे कुठेही टाकत नाही. देणगीदारांना दाखवायला म्हणून कोणाला रडवेला फोटो काढायला बसवणं आम्हाला मान्य नाही.

शिकवता काय काय?

जे मागतील ते, आणि शिकवणारेही त्यांच्यातलेच. शिलाई शिकवणारी बाई यादगीरची आहे. पाव-उंडे भाजायला शिकवणारा कलबुर्गीकडचा, एका पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीवर तो हे काम शिकला. इथल्या निवृत्त शिक्षिका वाचन-लेखन घेतात. मोबाइलवरून पैसे पाठवताना फसवणूक कशी ओळखायची, ओटीपी कोणाला का सांगायचा नाही, हा वर्ग पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, कारण घरी पाठवायचे पैसे एका फोनवर गेल्याचं दुःख इथे अनेकांनी भोगलं आहे.

पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवणं हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना, नियमात बसणाऱ्या आस्थापनांत, ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) वैद्यकीय संरक्षण असतं. पगारातून पैसे कापले जातात आणि कार्ड मात्र हातात नाही, असं असेल तर ते विचारता आलं पाहिजे. पीएफचंही तसंच: नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफ खात्यांचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, हे माहीत नसल्याने लोक जुने पैसे सोडून देतात.

कागदपत्रांची कोणती मदत मिळते?

आम्ही सोबत बसतो, वाचून दाखवतो, कार्यालयात बरोबर येतो. कागद काढून देणारे दलाल आम्ही नव्हे.

रेशनबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षेचं गावाकडचं कार्ड असेल तर ‘एक देश, एक रेशनकार्ड’ सोयीखाली गोव्यातल्या रास्त भावाच्या दुकानातही आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं, नवं कार्ड लागत नाही. अंगठा आधारशी जुळला पाहिजे, एवढंच. घरची माणसं गावाकडे असतील तर त्यांनी त्यांचा वाटा तिकडे घ्यावा, तुम्ही तुमचा इथे.

असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी ऑगस्ट २०२१पासून आहे. वय १६ ते ५९, बारा आकडी क्रमांक मिळतो. बांधकामावर वर्षभरात ९० दिवस काम केलेल्यांना बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करता येते, पण हजेरीचा पुरावा लागतो. म्हणून सांगतो, ठेकेदाराची चिठ्ठी फेकू नका, हजेरीच्या वहीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गोव्यात बांधकाम मजुरांना मलेरियाच्या तपासणीसाठी आरोग्य कार्डही काढावं लागतं.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. तो टाळत असेल तर तुम्हीच आठवण करा, नाहीतर पुढे त्रास तुम्हाला होतो. मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. गावाहून इथे बदलून घ्यायचं तर अर्ज क्रमांक ८, पहिल्यांदाच नोंदवायचं तर ६. बदलून घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. त्यावर बैठकीत कोणी मत देणार नाही, कोणत्याही पक्षाचा माणूस यासाठी बैठकीत येऊ देत नाही.

टीसी नाही, जन्मदाखला नाही. मुलाला शाळेत घेतील का?

घ्यावंच लागतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही किंवा टीसी उशिरा येणार म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाला योग्य अशा वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला खास शिकवणी द्यायची, असंही कायदा सांगतो. मुख्याध्यापक बहुतेक वेळा मदतच करतात. खेड्यापाड्यांतल्या कित्येक सरकारी मराठी शाळांचा पट आज बाहेरून आलेल्यांच्या मुलांमुळेच टिकून आहे, हे त्यांना पक्कं माहीत आहे. कन्नड घरातली पोरं तिथे मराठी कविता म्हणतात आणि मधल्या सुट्टीत कोकणीत भांडतात.

मालक पगार देत नाही. किंवा कामावर त्रास होतोय.

आधी लिहून काढा: किती दिवस, किती ठरलं, किती मिळालं, साक्षीला कोण. मग कामगार खात्याच्या कार्यालयात जायचं, आम्ही सोबत येतो. मालकाला परस्पर धमकावायला जात नाही. त्याने कामगाराचंच नुकसान होतं. लैंगिक त्रासाबद्दल २०१३च्या कायद्याने जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते, घरकाम करणाऱ्या बाईलाही तिथे दाद मागता येते. हे बहुतेकींना ठाऊकच नसतं. तातडीच्या वेळी ११२, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

पैसे लागतात का?

नाही.

पावसाळ्यात, सणासुदीला बैठक असते का?

असते, पण माणसं बदलतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मालीम, कुटबणच्या ट्रॉलरवरचे खलाशी गावी जातात. हॉटेलांतली मुलं पर्यटनाच्या हंगामात फिरकत नाहीत, पाऊस लागला की येतात. आम्ही मोठे वर्ग म्हणूनच पावसात ठेवतो. चवथीत (गणेशचतुर्थीला) सगळा गोवा आपापल्या घरी असतो, त्या शनिवारी बैठक नाही. पण खोलीवर एकट्या राहिलेल्यांना कोणी ना कोणी माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवाखाली, जेवायला बोलावतं. रमजानात वेळ पुढे सरकवतो.

आमच्या गावात असं सुरू करायचं आहे. काय लागेल?

एक सभागृह किंवा शाळेची खोली, चटया, चहा, आणि दोन-तीन गोवेकर जे स्वतःची गोष्ट सांगायला तयार आहेत. शेवटची अट मी आग्रहाने घालते. फक्त आलेल्यांनी बोलायचं आणि इथल्यांनी परीक्षक म्हणून ऐकायचं, असं झालं तर ती बैठक दुसऱ्या आठवड्यात बंद पडते. बापाने मुंबईत काढलेली वर्षं, भाऊ कुवेतला असताना आईची झालेली अवस्था, खाण बंद पडल्यावर विकलेला ट्रक, हे आधी तुम्ही सांगा.

जागा मागताना पंचायतीला आणि देवस्थान समितीला स्पष्ट सांगा, की सगळ्या धर्मांची माणसं येणार आहेत. मुसलमान बाईला आत यायला संकोच वाटेल अशी जागा असेल तर शाळाच बरी. ठेकेदारांकडून बोलावणं धाडू नका. किराणा दुकानदार, रिक्षावाले, अंगणवाडीच्या ताई यांच्याकडून निरोप जाऊ द्या, कारण खोल्यांमध्ये कोण नवीन आलंय हे त्यांना आधी कळतं. पहिल्या दिवशी चारच माणसं आली तरी बैठक भरवा, आणि पुढच्या शनिवारी त्याच वेळी दार उघडं ठेवा.